बीपी, मेंदू आणि किडनी

नमस्कार मंडळी, बीपी म्हटलं की सगळ्यांना आधी हार्ट अटॅक आठवतो, पण आज मला बोलायचंय मेंदू आणि किडनीबद्दल, कारण हे दोघं वर्षानुवर्षं मुकाट मार खातात आणि आपल्याला पत्ताच लागत नाही.

आता हेच दोघं का? तर यांना रक्त भरपूर लागतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण 15 टक्के वाटा त्याचा, आणि मुठीएवढ्या दोन किडन्या मिळून 20 टक्के घेतात. एवढं रक्त सतत जावं म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या कायम मोकळ्या असतात, त्यामुळे प्रेशर वाढलं की धक्का थेट आतल्या बारीक नळ्यांपर्यंत जातो. मेंदूत एखादी नळी फुटली किंवा बंद पडली की लकवा, आणि अगदी बारीक बारीक नळ्या हळूहळू बंद होत गेल्या तर लकवा न होताही विसरायला होतं, चालताना तोल जातो, आणि घरचे म्हणतात वय झालं.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट, मार्च 1944 मध्ये तपासलं तेव्हा बीपी 186/108, आणि 12 एप्रिल 1945 ला मेंदूत रक्तस्राव होऊन गेले तेव्हा 300/190. वय फक्त 63. तेव्हा बीपीच्या चांगल्या गोळ्याच नव्हत्या हो, देशाचा अध्यक्ष असून काही करता आलं नाही. आज टेल्मिसार्टन, अॅम्लोडिपिन कुठल्याही मेडिकलात मिळतं, आणि तरी आपण 'आता नॉर्मल आलंय' म्हणून गोळी बंद करतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. अहो नॉर्मल आलंय ते गोळीमुळेच ना!

किडनीचं तर अजून अवघड. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बाहेर टाकते तो रक्तातला कचरा, तपासणीत नॉर्मल आलं की आपण निश्चिंत होतो, पण किडनीचं जवळजवळ निम्मं काम गेलं तरी तो रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. म्हणून बीपी असलेल्यांनी वर्षातून एकदा लघवीतल्या अल्ब्युमिनची, म्हणजे एका प्रोटीनची, तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या, बिघाड तिथे आधी दिसतो. आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलातून डायक्लोफेनॅक आणून रोज खाऊ नका, त्याने बीपीही वाढतं आणि किडनीही बिघडते.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, सुकट सगळं आलं. लो सोडियम मीठ मात्र किडनीचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना न विचारता वापरू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि बिघडलेल्या किडनीला ते नीट बाहेर टाकता येत नाही.

घरी मशीनवर बघताना 5 मिनिटं शांत बसा, हात छातीच्या लेव्हलला टेकवा, नुकताच चहा झाला असेल तर अर्धा तास थांबा. सारखं 135/85 च्या वर येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आणि कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळायला लागलं तर जिभेखाली बीपीची गोळी ठेवायची नाही, पाणीसुद्धा पाजायचं नाही, त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा आणि 108 ला फोन करा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावाच लागतो, म्हणून जिथे सीटी आहे अशाच हॉस्पिटलला न्या.