माल गेला, काम शिकले कोण?

मित्रहो, गोव्यातल्या या साखळी गावात निर्यातीवर बोलायचे तर सुरुवात लोहखनिजाच्या खाणीपासूनच करावी लागते. माझा मामा पाळी गावच्या खाणीवरून आमोण्याच्या धक्क्यावर ट्रक न्यायचा. तिथून बार्जमधून माल मांडवीने मुरगावला, पुढे जहाजाने आधी जपानला आणि २००० नंतर बहुतेक चीनला. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून जास्त खनिज गेले. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि मामाचा ट्रक अंगणात उभा राहिला, चाकांभोवती गवत वाढले. तीस वर्षे निर्यातीच्या धंद्यात राबलेला माणूस! पण दुसऱ्या धंद्यात नेता येईल असे त्या कामाने त्याच्या हाताला काही दिले नव्हते. परकीय चलन किती आले हे आपण विचारतो. काम करणारा काय शिकला, हे विचारत नाही. मला आज त्याविषयी बोलायचे आहे.

दक्षिण कोरियाकडे लोहखनिज नावालाच. १९६०च्या दशकात तो देश केसांचे टोप आणि प्लायवूड विकत होता, आणि प्लायवूडचे लाकूडही बाहेरचे. १९७३ मध्ये पोहांगचा पोलाद कारखाना सुरू झाला, तोही बाहेरून आणलेल्या खनिजावर. आमच्याकडे खनिज होते. आमोण्याला कच्च्या लोखंडाचा कारखाना झाला खरा, पण १९९०च्या दशकात. आणि त्यानंतरही बहुतेक माल जसा खणला तसाच गेला.

बांगलादेशची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. १९७८ मध्ये चितगावच्या देश गारमेंट्सने कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि १९७९ मध्ये १३० जणांना कपडे शिवण्याचा धंदा शिकायला बुसानला पाठवले. कटिंग, शिवण, दर्जा तपासणे, वेळेत माल पुरा करणे, सगळे. काही वर्षांत त्यांतले ११५ जण कंपनी सोडून गेले. मालकाला केवढा फटका! पण ती माणसे हात बांधून बसली नाहीत. कोणी स्वतःचा कारखाना काढला, कोणी दुसऱ्याचा उभा करून दिला. सरकारनेही वाट मोकळी केली: निर्यातीसाठीचे कापड जकात न भरता गोदामात आणता येऊ लागले आणि परदेशी गिऱ्हाइकाच्या लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे पैसे देण्याच्या बँकेच्या हमीवर, कापड उधार मिळू लागले. आज त्या देशाच्या निर्यातीत ८० टक्क्यांहून जास्त वाटा तयार कपड्यांचा आहे. याच धंद्यात २०१३ मध्ये राणा प्लाझा ही कपडे कारखान्यांची इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे गेली, हेही इथे सांगितलेच पाहिजे. कौशल्य आले म्हणून जीव सुरक्षित झाला असे नव्हे. त्यासाठी कायदा आणि संघटना लागते.

आता आपल्या वेर्णे आणि कुंडई इथल्या औद्योगिक वसाहती पाहा. तिथल्या औषधांच्या गोळ्या परदेशांत जातात. कच्चा माल कोणी तोलला, किती वाजता, कोणी पडताळला, प्रत्येक बॅचची नोंद सहीनिशी ठेवावी लागते. परदेशी तपासनीस आला की आधी तीच उघडतो. ही शिस्त अंगात मुरलेला माणूस कुठेही उभा राहील. पण मुरायला वर्षे लागतात. उद्योगांना जमीन आणि सवलती देताना सरकार नोकऱ्यांचा आकडा मागते. किती जण कोणते काम शिकून बाहेर पडतील, तोही हिशेब मागा.

गेल्या वर्षी अशाच एका कारखान्यात एक मुलगी पॅकिंगवर होती. मशीन कसे लावतात ते शिकवा, असे तिने सुपरवायझरला म्हटले. तो म्हणाला, ‘तुझे कंत्राट मार्चला संपते, शिकून काय करणार?’ ती माझ्या मामाची नात.