शिक्का आणि सुई

नमस्कार श्रोतेहो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या देवगड तालुक्यात, एका उपकेंद्रात मी आरोग्यसेविका होते. ३१ वर्षं नोकरी केली आणि २०२२ मध्ये निवृत्त झाले. वाडीवरची माणसं मला अजून सिस्टरच म्हणतात.

कोरोनाचा विषय निघाला की अजून वाद होतो. एसटीत होतो, तेराव्याच्या पंगतीत होतो, गणपतीला चाकरमानी आले की ओटीवर बसून मध्यरात्रीपर्यंत होतो. टाळेबंदी हवी होती का, लस चांगली का वाईट. या वादात मला बाजूला बसून ऐकता येत नाही. मे २०२० मध्ये मुंबईहून आलेल्या माणसांच्या हातावर होम क्वारंटाइनचा शिक्का मारणारी मी होते. पुढच्या वर्षी त्यांना आणि त्यांच्या आईवडलांना लस टोचणारीही मीच होते. शिक्का डाव्या हाताच्या मागच्या बाजूला आणि सुई बहुतेकांच्या डाव्याच दंडावर. त्या दोन्हींमध्ये काय नातं होतं ते मला फार उशिरा कळलं. त्याबद्दलच आज बोलायचं आहे.

२४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि रात्री बारापासून देश २१ दिवस बंद झाला. मधे चार तास. आमच्या गावात दुसऱ्या दिवशी सकाळी वेशीवर चिरे रचलेले होते आणि सुरूची दोन झाडं आडवी टाकलेली होती. हे कुणाच्या आदेशानं झालं नव्हतं. पोरांनी रातोरात केलं. मला तेव्हा बरं वाटलं, हे मी कबूल करते. कारण मला आकडे ठाऊक होते. माझ्या उपकेंद्राखालच्या वाड्यांत साठीच्या पुढची माणसं किती, दम्याची किती, मधुमेहाची किती, ते माझ्या रजिस्टरमध्ये होतं. जिल्ह्यात तेव्हा सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. तपासणीचे नमुने सुरुवातीला जिल्ह्याबाहेर पाठवायचे आणि रिपोर्टची वाट बघत बसायचं. अशा वेळी दोन-तीन आठवडे सगळं थांबवून खाटांची, ऑक्सिजनची, तपासणीची तयारी करणं आवश्यकच होतं, असं मला आजही वाटतं. टाळेबंदी मुळात चूकच होती, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण सगळं थांबवायचं ते तयारीसाठी, हे आम्ही विसरलो. बंद ठेवणं हेच काम झालं.

हापूस झाडावर तयार होता आणि वाशीचं मार्केट कधी चालू तर कधी बंद. बागायतदारांनी टेम्पो भरून थेट मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत पेट्या पोचवल्या, तेव्हा कुठे ते वर्ष थोडंफार तरलं. आंब्याचा टेम्पो गावातून मुंबईला जात होता आणि परत येत होता. मुंबईतल्या माणसाला मात्र गावात यायला मनाई होती.

ती माणसं कोण होती? लालबाग-परळच्या, भांडुप-विक्रोळीच्या दहा बाय बाराच्या खोल्यांत सहा-सहा जण राहणारी, काम गेलेली, सार्वजनिक संडास वापरणारी. गावच्या देवळाचा सभामंडप त्यांच्या वर्गणीतून झाला. शाळेचे पत्रे वादळात उडाले, तर नवे पत्रे त्यांच्या मंडळानं पाठवले. त्या शाळेतच आम्ही त्यांना ठेवलं. जिल्ह्याच्या सीमेवर, खारेपाटणच्या नाक्यावर रांगेत तास न् तास काढून ती गावात पोचायची आणि ग्राम कृती दल, म्हणजे गावची कोरोना समिती, त्यांना शाळेच्या फाटकावर थांबवायचं. मी पीपीई किट घालून थर्मल गन लावायची, नाव लिहायची, शिक्का मारायची. १४ दिवस.

एक गृहस्थ आले होते. बायको आणि लहान मुलगा बरोबर. शाळेपासून त्यांचं घर शंभर पावलांवर, घरात म्हातारी आई एकटी. शिक्का मारताना ते म्हणाले, "सिस्टर, सोताच्या घराक जावक शिक्को लागता, ह्यां पयल्यांदाच बघतंय." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

त्यांच्या घराला मागीलदारी वेगळी खोली होती, न्हाणीघर बाहेर होतं. म्हणजे घरीच वेगळं राहण्याची सगळी सोय होती आणि नियमातही ते बसत होतं. मला ते घर माहीत होतं. दर महिन्याला मी तिथे म्हातारीचं ब्लडप्रेशर बघायला जात असे. दलाच्या बैठकीत मी ते सांगायला हवं होतं. पण बैठकीत सगळे घाबरलेले होते, एकाला घरी सोडलं की सगळेच मागतील असं कुणीतरी म्हणालं आणि मी गप्प बसले. म्हातारी रोज दुपारी पेजेचा डबा घेऊन यायची आणि फाटकाबाहेर दगडावर ठेवून मागे सरायची. नातू खिडकीतून हाका मारायचा. शाळेत एकच संडास चालू होता, तो तीन कुटुंबांत. आजार पसरू नये म्हणून आम्ही तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली माणसं एका संडासाला बांधली. आरोग्यसेविका म्हणून मला याची सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्या वर्षी गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. १२ तारखेच्या आत या, दहा दिवस विलगीकरणात राहा, असं सरकारनं सांगितलं. काही ग्रामपंचायतींना तर १४ दिवसच हवे होते. ज्यांना तेवढी रजा नव्हती त्यांच्या घरचे गणपती शेजाऱ्यांनी आणून पुजले.

हे सगळं ज्या कायद्याच्या आधारानं चाललं होतं त्यातला एक १८९७ चा साथरोग कायदा. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, म्हणून इंग्रजांनी तो घाईनं केला. मुळात चारच कलमांचा कायदा. अधिकाऱ्यानं काय करावं याला त्यात भरपूर जागा आहे. माणसाशी कसं वागावं याबद्दल अक्षर नाही. तेव्हाही मुंबई सोडून लाखो माणसं आपापल्या गावी पळाली होती. आपल्या रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी पुण्यातल्या घरझडत्यांविरुद्ध केसरीत कडक लिहिलं, आणि त्याच दिवसांत प्लेगच्या रुग्णांसाठी इस्पितळ चालवायलाही पुढाकार घेतला. उपचार हवेत आणि ही वागणूक नको, या दोन्ही गोष्टी एकच माणूस एका वेळी म्हणू शकतो. आजच्या वादात हे कुणी म्हणत नाही, म्हणून आठवण केली.

आता लसीकडे येते. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं, आधी आम्हा आरोग्य कर्मचाऱ्यांचं. १ मार्चपासून साठीच्या पुढचे, १ एप्रिलपासून पंचेचाळीसच्या पुढचे सगळे. कोविशील्डच्या एका बाटलीत दहा डोस. बाटली उघडली की चार तासांत संपवायची, उरलं तर फेकायचं. शहरात हे सोपं आहे. आमच्या एका वाडीवर नऊ माणसं जमली की दहावं शोधायला आशाताई डोंगर उतरून जायची. ती येईपर्यंत नऊ जण अंगणात बसून असायचे आणि कंटाळून एक उठून जायचा.

मे महिन्यात अठरा वर्षांवरच्यांसाठी लस खुली झाली, पण नोंदणी फक्त ऑनलाइन, कोविन या सरकारी संकेतस्थळावर. आमच्या खालच्या वाडीत फोनला रेंज मिळवायला सड्यावर चढावं लागतं. संध्याकाळी स्लॉट उघडायचे आणि दोन मिनिटांत भरायचे. सकाळी आरोग्य केंद्राच्या आवारात मुंबई-पुण्याकडच्या नंबरच्या गाड्या उभ्या. गावातली पोरं भडकली. मी रांगेसमोर उभी राहून विचार करत होते, की वर्षभरापूर्वी आम्ही आमच्याच माणसांना शहरातून आलात म्हणून फाटकावर अडवलं, आणि आज आमच्या वाट्याची लस अनोळखी माणसं घेऊन चालली आहेत. त्यांच्यावर तरी काय रागवायचं, त्यांनाही जीव होता आणि शहरात त्यांना स्लॉट मिळत नव्हता. दोन्ही वेळा नियम लांब कुठेतरी ठरला होता. दहाच दिवसांत तुटवडा पडला आणि राज्यानं त्या वयोगटाचं लसीकरण थांबवलं. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्या गटाला पैसे मोजायला लावणारं धोरण सकृतदर्शनी मनमानी असल्याचं म्हटलं, आणि ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांचं काय, असंही विचारलं. २१ जूनपासून सरकारी केंद्रांवर सगळ्या प्रौढांना लस मोफत झाली.

त्याच मे महिन्यात, १६ तारखेला, तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. वीज गेली ती कित्येक दिवस. लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. कोल्ड बॉक्समध्ये आइसपॅक भरून, रस्त्यावरची झाडं तोडत तोडत आम्ही ती जनरेटर असलेल्या ठिकाणी पोचवली. आमच्या ड्रायव्हरच्या स्वतःच्या घराची कौलं त्या दिवशी उडाली होती. आणि ज्या आशाताई हे सगळं करत होत्या, त्यांना जूनमध्ये मानधनासाठी संपावर जावं लागलं.

मग ती पेजेचा डबा आणणारी आजी. तिनं लस घ्यायला साफ नकार दिला. मी दोनदा गेले. पहिल्यांदा म्हणाली, "गो बाय, माका कित्याक टोचतंस? माजां आता काय ऱ्हवलां हा?" मला वाटलं मोबाईलवरच्या अफवांचा परिणाम. लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो, असे निरोप तेव्हा फिरत होते. दुसऱ्यांदा मी तिला तिच्याच दंडावरची देवीची खूण दाखवली. तिच्या लहानपणी देवी काढायला आलेल्या माणसाला बघून ती माळ्यावर लपली होती, असं तिनंच मला पूर्वी सांगितलं होतं. म्हटलं, आजी, त्या टोचणीनंच देवी गेली, १९७५ नंतर देशात एक रोगी नाही. तिनं खूण बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू माज्या झिलाक शाळेत कोंडलंस. आता तुज्या हातची सुई माका नको."

श्रोतेहो, त्या दिवसापर्यंत मी लस नको म्हणणाऱ्या प्रत्येकाला अडाणी समजत होते. त्यानंतर मी जुनं रजिस्टर काढून बघितलं. लस टाळणाऱ्या घरांत कितीतरी घरं अशी होती ज्यांच्या माणसांना आम्ही शाळेत ठेवलं होतं, किंवा जिथे पॉझिटिव्ह निघालेल्या माणसाच्या दाराला बांबू बांधले होते. त्यांना लसीची जेवढी भीती होती, त्याहून जास्त आमची होती.

आणि आम्ही सांगतही काय होतो? "काही होत नाही, घ्या." हे खरं नव्हतं. ताप येत होता, अंग दुखत होतं. कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याचा अगदी विरळा धोका आहे, हे मे २०२१ मध्येच केंद्राच्या समितीनं सांगितलं होतं. भारतात दहा लाख डोसांमागे एकाहून कमी. आजारानं म्हातारं माणूस दगावण्याचा धोका त्यापुढे कितीतरी मोठा. एवढं सरळ सांगितलं असतं तर माणसांना कळलं असतं, दूध-तांदळाचा हिशेब करणारी माणसं आहेत ती. न सांगितल्याचा परिणाम २०२४ मध्ये दिसला. ही लस मुळात विकसित करणाऱ्या ॲस्ट्राझेनेका कंपनीनं लंडनच्या कोर्टात या धोक्याची कबुली दिल्याची बातमी आली आणि मला एका दिवसात कितीतरी फोन आले, "सिस्टर, तुमी तेव्हा बोललात नाय?" मी काय उत्तर देणार होते? ज्यांना मी लस दिली त्यांना ती देणं योग्यच होतं, असं मला वाटतं. पण न सांगता देणं योग्य नव्हतं.

सक्तीचंही तसंच. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात लस नसेल तर रेशन नाही, पेट्रोल नाही असा आदेश निघाला, आणि आमच्याकडेही तसं करा म्हणणारे होते. मी विरोध केला. ज्या घरात आधीच भीती आहे तिथला तांदूळ बंद करून विश्वास कसा येईल? पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कुणालाही लसीची जबरदस्ती करता येणार नाही असा निकाल दिला.

शाळांबद्दल एकच सांगते, नाहीतर वेळ पुरणार नाही. मार्च २०२० मध्ये बंद झालेले पहिली ते चौथीचे वर्ग ग्रामीण भागात १ डिसेंबर २०२१ ला उघडले. पहिलीत बसलेलं पोर तिसरीत गेलं आणि त्याला जोडाक्षर येत नव्हतं. बाजार, लग्नं, निवडणुका त्याआधी सुरू झाल्या होत्या. ही चूक होती आणि तिचं समर्थन माझ्याकडे नाही.

घरोघरी जाऊन लस देण्याच्या 'हर घर दस्तक' मोहिमेत, नोव्हेंबर २०२१ मध्ये, मी तिसऱ्यांदा आजीकडे गेले. व्हॅक्सिन कॅरियर अंगणातच ठेवला. तिला म्हटलं, तुझ्या झिलाला घरी ठेवता आलं असतं, मला माहीत होतं, आणि मी बोलले नाही. माझं चुकलं. ती बराच वेळ सुपातले तांदूळ निवडत राहिली. मग लसीनं काय काय होईल ते विचारलं. मी सगळं सांगितलं, गुठळ्यांचंही. तिनं त्या दिवशी नाही म्हटलं. चार दिवसांनी स्वतः चालत उपकेंद्रात आली.

ग्राम कृती दलाची रजिस्टरं अजून आमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटात आहेत. कुणाला कधी अडवलं, कुठे ठेवलं, किती दिवस, सगळं तारखेनिशी. पुढच्या ग्रामसभेत ती वाचावीत असा अर्ज मी दिला आहे. प्रत्येक घरात वेगळी खोली आहे का, संडास किती, म्हातारी माणसं किती, याची यादी आजच करावी असंही त्यात लिहिलं आहे. तुमच्या गावातही ती रजिस्टरं असतील.

सुई टोचून झाल्यावर अर्धा तास बसवायचं असतं. आजी बाकावर बसली होती, कापूस दंडावर दाबून. तिनं विचारलं, "परत तसां कायतरी इलां, तर माज्या झिलाक परत शाळेत ठेवतलंस?"

मी म्हटलं, "नाय ठेवूचंय. मागीलदारची खोली रिकामी करून ठेव."

"थंय लाकडां आसत," ती म्हणाली, "ती काढूक होयी."