एपॉक्सी म्हणजे पॉलिश नव्हे

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? पंखा जरा कमी करा कोणीतरी, माईकमध्ये घुरघुर येतेय. हां, बरं.

बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय, ‘लाकडावर पारदर्शक एपॉक्सी : निवड आणि वापर’. तो मी घेणारच आहे, पण त्याआधी माझं एक म्हणणं आहे जे घरी आता कोणी ऐकून घेत नाही, म्हणून इथे बोलावलंत तर मी लगेच हो म्हटलं. म्हणणं असं की एपॉक्सी हे पॉलिश नाहीये. ते पॉलिशच्या खालचं काम आहे. पातळ हात मारा, लाकडाची तोंडं बंद करा, आणि वर घासायला-पुसायला जो थर लागतो तो पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचा घ्या. ते रील्समध्ये बादलीने ओततात, मग गॅसची टॉर्च फिरवतात आणि बायको तोंडावर हात ठेवून ‘वॉव’ म्हणते, ते बघायला छान आहे, मीही बघतो, रात्री साडेबारापर्यंत बघतो. पण तिथे टेबल तयार झाल्यावर व्हिडिओ संपतो. त्या टेबलावर पुढे सहा महिने कोणी जेवलंय असा व्हिडिओ मला अजून दिसलेला नाही.

आणि एपॉक्सी आपल्याला नवीन नाही हो. ॲरल्डाइटच्या दोन ट्यूबा कोणाच्या घरात नाहीत? हात वर करा. बघा, कोणीच नाही. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने १९४६ साली ॲरल्डाइट बाजारात आणलं, तेव्हापासून आपण कपाचे कान चिकटवतोय. एका ट्यूबमध्ये रेझिन, दुसऱ्यात हार्डनर, दोन्ही एकत्र आले की एकमेकांत गुंततात आणि घट्ट होतात. इथे काही उडून जात नाही, म्हणजे लाखेच्या पॉलिशमधलं स्पिरिट उडतं आणि थर वाळतो तसं हे नाही. हे वाळत नाही, हे पिकतं. हा फरक लक्षात ठेवा, आत्ता जी गोष्ट सांगणार आहे त्यात सगळा घोळ इथेच झालाय.

तर गोष्ट. आमच्या मेहुण्यांची गिरगावातली चाळ रीडेव्हलपमेंटला गेली. खोली रिकामी करताना पितळेचे हंडेसुद्धा देऊन टाकले, पण दरवाजा सोडला नाही. दोन झडपांचा, बर्मा टीकचा, कडी-कोयंड्यासकट. आता मुलुंडला वन बीएचके, तिथे हा दरवाजा ठेवणार कुठे, तर म्हणाले भावजी, ह्याचं डायनिंग टेबल करूया. कल्पना उत्तम. वरती चाळीतला तो हिरवा ऑइलपेंट होता, थरावर थर, दर दिवाळीला कोणीतरी एक हात मारलेला. तो काढताना मी एकच गोष्ट बजावून सांगितली होती की कोरडा घासायचा नाही, रिमूव्हर लावून ओलाच खरवडायचा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांची मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून, त्याच्या आधीचा रंग असेल तर शिसं आहे असंच धरून चालायचं. एवढं ऐकलं त्यांनी. पुढचं नाही ऐकलं.

पुढे त्यांना एक माणूस मिळाला. फायबरचं काम करणारा, हात चांगला, टाक्या-बिक्या झकास करायचा. पण फायबरवाले वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन, त्यात कॅटॅलिस्ट पडतो थेंबाथेंबाने, आणि लवकर सेट व्हायला हवं असेल तर दोन थेंब जास्त. तिथे ते चालतं. एपॉक्सीत हार्डनर हा कॅटॅलिस्ट नाहीच, तो मालाचाच एक भाग आहे, जेवढं रेझिन तेवढ्या हिशोबात त्याची जागा ठरलेली. जास्त टाकला तर जास्तीचा हार्डनर जोडीदाराशिवाय आतच राहतो, आणि थर कडक व्हायच्या ऐवजी चिवट, रबरासारखा होतो. हे त्या माणसाला सांगणार कोण? मी होतो पुण्यात, भाचीच्या लग्नाला.

माल आणला बाजारातून. दुकानदाराला विचारलं, कोटिंगचं आहे ना? तो म्हणाला, साहेब, दोन्ही सेमच असतं, ये ले जाव, एकदम काच. आणि दिलं डीप पोअरचं, म्हणजे जाड ओतण्याचं, दोन फळ्यांच्या मधे नदीसारखा पट्टा ओततात त्या रिव्हर टेबलवालं. आता हे बघा, डीप पोअर मुद्दाम हळू पिकणारं बनवलेलं असतं, कारण दोन इंच जाडीत स्वतःच्याच उष्णतेने ते उकळू नये, तडकू नये. तेच जर दोन-तीन मिलिमीटरच्या थरात पसरलं तर त्याला स्वतःची उष्णता मिळतच नाही, आणि ते दिवसेंदिवस चिकट राहतं. शिवाय पातळ. टेबलाच्या कडेवरून वाहिलं, ते ठीक, प्लॅस्टिक अंथरलं होतं. पण कोयंड्याचं भोक! ते बुजवायचं कोणाच्याच लक्षात नाही. रात्रभर त्या भोकातून धार लागली आणि सकाळी नव्या फ्लॅटच्या नव्या टाइल्सवर एक गोल चकती, मधोमध वहिनींची चप्पल. (हशा.) हसताय, पण ती चप्पल अजून तिथे आहे. म्हणजे चप्पल काढली, तळवा राहिला.

महिना कोणता? जुलै. मुंबईत जुलैमध्ये हवेत ऐंशी-पंच्याऐंशी टक्के आर्द्रता, खिडक्या उघड्या, कारण वास येतो म्हणे. हार्डनरमध्ये असतात अमाइन्स नावाची रसायनं, ती हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड पकडतात आणि वर एक तुपकट पापुद्रा येतो, बोट फिरवलं की रेघ उठते. त्याला ब्लश म्हणतात. हा पाण्याने निघतो, कोमट पाणी आणि स्कॉचब्राइट, पाच मिनिटांचं काम. पण आमच्या कारागिराने तो पाहिला आणि ठरवलं की माल कच्चा राहिलाय, म्हणून त्याच्यावरच दुसरा हात ओतला, आणि ह्या वेळी हार्डनर जास्त, त्याच्या भाषेत ‘थोडा कडक’. म्हणजे खाली चिकट, मध्ये तुपकट, वर रबर.

मग पाहुणे येणार म्हणून त्यावर पेपर अंथरला. दोन दिवसांनी उचलला तर राशिभविष्याचं पान टेबलाला चिकटलेलं, शाई उलटी उतरलेली, सिंह राशीला धनलाभ आहे हे मी स्वतः आरशात बघून वाचलंय. आणि ह्या सगळ्यावर कळस म्हणजे वहिनींनी गॅसवरून उतरवलेला कुकर ठेवला. प्रेशरखाली कुकरच्या आत पाणी १२० डिग्रीच्या आसपास जातं. नीट पिकलेलं साधं एपॉक्सीसुद्धा ५०-६० डिग्रीला मऊ व्हायला लागतं, गरम चहाच्या कपाचा वळा उठतो, मग ह्या अर्धवटाचं काय होणार. कुकर उचलला तो टेबल घेऊनच.

आणि मेहुणे मला काय म्हणाले माहितीये? म्हणाले, भावजी, एपॉक्सी बेकार आहे. अहो, एपॉक्सीचा ह्यात संबंध काय! मी तेव्हापासून हे व्याख्यान देत हिंडतोय. एक मिनिट, काय म्हणता... सव्वासात? साडेसातला भजनी मंडळाला हॉल द्यायचाय? बरं बरं, मग पटपट घेतो, वही काढा.

निवड. पहिलं, जाडी ठरवा. पृष्ठभागाला कोटिंग रेझिन, एका वेळी तीन मिलिमीटरच्या वर नाही. भेग, गाठ किंवा खोल खाच भरायची असेल तर तेवढ्यापुरतंच डीप पोअर. हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. सहा बाय तीन फुटांचं टेबल साधारण पावणेदोन चौरस मीटर, तीन मिलिमीटर ओतलंत तर पाच लिटर. मी सांगतो तसा पातळ हात, शंभर-दीडशे मायक्रॉनचा (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर), एका हाताला पाव लिटरच्या आतबाहेर. दोन हात, अर्धा लिटर. मस्जिद बंदरला जाऊन दोन्हीचे भाव विचारा, माझा मुद्दा तिथेच पटेल.

दुसरं, प्रमाण मापाने दिलंय की वजनाने ते डब्यावर वाचा. हे माझं जुनं दुखणं आहे पण आता वेळ नाही. दोनास एक मापाने लिहिलेलं असेल आणि तुम्ही वजनकाट्यावर दोनशे ग्रॅमला शंभर ग्रॅम घेतलंत तर हार्डनर पंधरा-वीस टक्के जास्त जातो, कारण रेझिन जड, हार्डनर हलका.

तिसरं, ‘यूव्ही प्रूफ’ वाचून भुलू नका. उन्हात एपॉक्सी पिवळं पडतंच, स्टॅबिलायझर घातला तर उशिरा पडतं एवढंच. बाहेरच्या कामाला वर ऊन सोसणारं पीयू हवंच हवं.

वापर. लाकडाचा ओलावा बारा टक्क्यांच्या खाली, दोन पिनांचं मीटर मिळतं, घ्या. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पावसाळ्यातच करायचं असेल तर एसीच्या खोलीत, २४-२५ डिग्रीला, आणि लाकूड आदल्या रात्रीपासून त्याच खोलीत. १२० नंबरचा पॉलिशपेपर मारा. सागाला अंगचं तेल असतं, ॲसिटोनने पुसा आणि ते उडालं की लगेच हात मारा. मिक्सिंग तीन ते पाच मिनिटं, कडा आणि तळ खरवडत, मग दुसऱ्या स्वच्छ ग्लासात ओतून परत ढवळा, आणि पहिल्या ग्लासातलं निपटून घेऊ नका, कच्चं तेच असतं. ढवळलेला माल ग्लासात ठेवून फोन घ्यायचा नाही, ग्लास गरम होतो, धूर निघतो. पसरट ट्रेमध्ये ओता.

पहिला हात अगदी पातळ, स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने ओढून काढलेला. बुडबुडे येतात ते बहुतेक लाकडाच्या छिद्रांतल्या हवेचे, ढवळण्याचे कमी. म्हणून तापमान उतरत असताना, संध्याकाळी लावा. लाकूड गार होताना हवा आत ओढतं, तापताना बाहेर टाकतं. जे उरतील त्यांच्यावर हीटगन लांबून, हलती ठेवून. दुसरा हात चार-सहा तासांत, बोटाचा ठसा उठतो पण बोटाला काही लागत नाही अशा वेळी. ती वेळ चुकली तर दुसऱ्या दिवशी पाण्याने धुवा, २२० मारा, मग लावा. पुन्हा सांगतो, आधी धुवा मग घासा, उलटं केलंत तर ब्लश आत रगडला जातो.

आठवडाभर पिकू द्या. परत धुणं, ३२० पेपर, मग टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळायचं दोन डब्यांचं. आधी फळीच्या मागच्या बाजूला ट्रायल घ्या, काही तेलाची व्हार्निशं एपॉक्सीवर वाळतच नाहीत. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, स्प्रे करणार असाल तर कार्ट्रिजचा मास्क, आपले पॉलिशवाले रुमाल बांधतात त्याने काही होत नाही. हातात नायट्राइलचे ग्लोव्हज. अंगाला लागलं तर थिनरने पुसू नका, साबणाने धुवा, कारण एकदा ॲलर्जी बसली की ती जन्मभराची.

मेहुण्यांचं टेबल? हो, झालं ते. हीटगनने तापवून स्क्रेपरने सगळं उतरवलं, डिसेंबरमध्ये आत्ता सांगितलं तसंच केलं, कोयंड्याचं भोक मागून टेप लावून भरलं. चकाकी थोडी कमी आहे म्हणून ते अजून कुरकुरतात.

एकच प्रश्न घेतो. काय, चौरंग? गणपतीच्या चौरंगाला चालेल की. एपॉक्सीचे दोन पातळ हात, वर पीयू. पाण्याचं, पंचामृताचं काही होणार नाही, सांडलं तर पुसून घ्या. फक्त निरांजन आणि समई थेट लाकडावर नको, खाली ताम्हण ठेवा. आणि चतुर्थीच्या आदल्या रविवारी करायला घेऊ नका, आत्ताच करा, आठवडा तर त्याला पिकायलाच लागतो.