स्कॉटलंडच्या बेटावर 'हॉटेल' म्हणजे नेमकं काय?

नमस्कार मंडळी!

आपल्याकडे गावाकडचा माणूस "चल, हॉटेलात बसू" म्हणतो, तेव्हा त्याच्या डोक्यात खोली, गादी, रूम सर्व्हिस असलं काही नसतं. चहा असतो, भजी असतात आणि गावाच्या बातम्या असतात. झोपायची सोय असेल तर त्याला आपण लॉज म्हणतो. शहरात राहून आपण 'हॉटेल'चा हा अर्थ जरा विसरलोय. स्कॉटलंडच्या बेटावर जाणार असाल तर तो परत आठवा, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

आज उदाहरण घेऊ जूरा बेटाचं. पश्चिम किनाऱ्यावरचं बेट, लांबी साधारण 45 किलोमीटर. माणसं दोन-अडीचशे आणि हरणं 5 हजारांच्या वर. रस्ता एक, हॉटेल एक, व्हिस्कीची डिस्टिलरी एक. हॉटेल आणि डिस्टिलरी दोन्ही क्रेगहाऊस गावात, अगदी समोरासमोर. डिस्टिलरी 1810 सालची.

(नकाशा)

गाडी घेऊन मुख्य भूमीवरून थेट जूराला जाता येत नाही. ग्लासगोहून अडीच-तीन तास गाडी चालवून केनाक्रेगला यायचं, तिथून फेरीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, साधारण दोन तासांत शेजारच्या बेटावर. त्या बेटाचं स्पेलिंग बघून आपण 'इस्ले' वाचतो, पण स्थानिक लोक म्हणतात 'आयला'. हो, आपलंच आयला! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कोणीतरी मराठी माणूस वैतागलाय. तर आयलाच्या पोर्ट ॲस्केग धक्क्यावरून दुसरी, एवढीशी फेरी. पाच मिनिटांत जूरा. वारा फार असला की फेरी रद्द होते, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री बेटावर राहू नका. आणि गाडीसाठी फेरीची जागा आधी बघा, खोली नंतर. उन्हाळ्यात खोली मिळते आणि फेरी मिळत नाही, असं होतं.

आता मुद्द्याचं. एवढ्याशा गावात हॉटेल कशाला? कारण ते फक्त पाहुण्यांसाठी नाहीच. खालचा बार म्हणजे गावाची चावडी. डिस्टिलरीतला कामगार, मेंढपाळ, बोटवाला, सगळे तिथेच. पाहुणे वर झोपतात, गाव खाली बसतं.

यामागे एक भन्नाट कायदा आहे. 1853 साली स्कॉटलंडमध्ये रविवारी दारूचे गुत्ते बंद झाले. सवलत फक्त हॉटेलांना, आणि तीही खऱ्याखुऱ्या प्रवाशालाच पाजायची. मग रविवारी लोक शेजारच्या गावी जायचे, हॉटेलच्या वहीत नाव, कुठून आलो, कुठे चाललो ते लिहायचे, सही ठोकायची आणि निवांत बसायचे. त्या गावचे लोक यांच्या गावात! हा खेळ 1962 पर्यंत चालला. स्कॉटलंडच्या छोट्या छोट्या खेड्यांतही 'हॉटेल'ची पाटी का दिसते, याचं एक कारण हे आहे.

म्हणून या हॉटेलांकडून पंचतारांकित अपेक्षा ठेवू नका. इमारत जुनी, लिफ्ट बहुधा नाही, जिना अरुंद, पायऱ्या कुरकुरणार. मोठ्या चार बॅगा घेऊन जाणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. काही ठिकाणी नळाचं पाणी फिक्या चहासारखं दिसतं. घाबरू नका, ते डोंगरातल्या पीटमधून झिरपलेलं असतं. पीट म्हणजे हजारो वर्षं दलदलीत साचलेली, अर्धवट कुजलेली वनस्पती. तीच वाळवून चुलीत जाळतात, आणि व्हिस्कीला धुराचा वास येतो तोही तिच्याचमुळे. ओले बूट वाळवायला बऱ्याच हॉटेलांत वेगळी गरम खोली असते. पावसात भिजून आल्यावर तिची किंमत कळते.

जेवणाचं मात्र नीट ऐका. स्वयंपाकघर रात्री साडेआठ-नऊला बंद म्हणजे बंद. जूनमध्ये तिकडे दहानंतर सूर्य मावळतो. एका दुसऱ्या बेटावर मी लख्ख उजेड बघत समुद्रावर रेंगाळलो आणि सव्वानऊला जेवायला हजर. बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, उद्या सकाळी आठला नाश्ता. ती रात्र मी खोलीतल्या किटलीचा चहा, दोन शॉर्टब्रेड बिस्किटं आणि बॅगेतला चिवडा यावर काढली. चूक माझीच. शेजारी दुसरं काही मिळेल म्हणावं, तर शेजारी समुद्र.

सकाळचा नाश्ता मात्र दुपारच्या जेवणाची सुट्टी करतो. अंडी, बेकन, बीन्स, आणि टॅटी स्कोन, म्हणजे बटाट्याची जाडसर पोळीच समजा. काळ्या चकत्या असतात ते ब्लॅक पुडिंग, त्यात डुकराचं रक्त असतं, तेव्हा विचारून घ्या. हॅगिसमध्ये मेंढीचं हृदय, यकृत, फुप्फुस आणि ओट्स. वजडी आवडीने खाणाऱ्यांना काहीच नवीन नाही! शाकाहारी हॅगिसही मिळतं, डाळ-ओट्सचं, आणि मिरपूड सढळ असेल तर खरंच चांगलं लागतं. पण आधी कळवा. बेटावर सामानही फेरीनेच येतं.

बारमध्ये टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका. उठायचं, काउंटरवर सांगायचं, तिथेच पैसे द्यायचे. आणि पिऊन गाडीला हात लावायचा नाही. डिसेंबर 2014 पासून स्कॉटलंडची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम. इंग्लंडमध्ये ती 80 आहे.

मे ते सप्टेंबर चिलटं असतात. तिकडे मिज म्हणतात. वारा पडला, ढग आले, संध्याकाळ झाली की थव्याने येतात आणि चावतात. तेव्हा तरी वाऱ्याला शिव्या देऊ नका.

रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा असतो, समोरून गाडी आली की बाजूला थांबायला जागा केलेल्या असतात, तिथे गाडी पार्क करायची नाही. समोरच्याने वाट दिली की हात वर करायचा. दोन दिवसांत स्टिअरिंगवरून बोट आपोआप उचललं जातं.

आणि हो, निघताना किल्ली परत द्या. जुन्या हॉटेलांत किल्लीला हा एवढा लाकडी ठोकळा लावलेला असतो, (हाताने माप दाखवत) कोणी चुकून नेऊ नये म्हणून. मी तो जॅकेटच्या खिशात घालून थेट आयलाला पोचलो. पोस्टाने परत पाठवला. ठोकळ्याच्या वजनाचे पैसे वेगळे पडले.