बाजाराच्या दिवशी नवी खानावळ

नमस्कार श्रोतेहो. पुसद असो, दर्यापूर असो की हिंगणघाट, बसस्टँडपासून बाजार ओळीपर्यंत नव्या खानावळींच्या पाट्या लागतच असतात. सुट्टीच्या दिवशी आपण गावाला जातो, पण जेवायची वेळ झाली की पाय जुन्याच हॉटेलाकडे वळतात. नव्या ठिकाणी पैसे वाया जातील, ही धास्ती असते. ती बरीच कमी करता येते.

पहिली गोष्ट वेळेची. साडेबारा ते एकच्या दरम्यान जा. त्याआधी रस्सा मुरलेला नसतो आणि दोन वाजून गेले की तोच रस्सा पाणी घालून वाढवलेला असतो. वाटीत बघा: वर तर्री, मधे पांचट पाणी आणि तळाशी वाटणाचा गाळ दिसला, तर समजा पाणी मागाहून पडलं आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी माल खपतो, म्हणून ताजं मिळतं. मात्र भाकरी घाईत, अर्ध्याकच्च्या निघतात.

नव्या खानावळीची परीक्षा घ्यायची तर पाटोडी रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्साच मागवावा, असं आमचं ठाम मत आहे. मटणाच्या रश्श्यात मटणाची चव कमीजास्त सांभाळून घेते. पाटोडीत लपायला जागा नाही. बेसन फोडणीच्या पाण्यात घेरून, म्हणजे ढवळत शिजवून, झाकण ठेवून नीट वाफ दिली, तर वडीची कड सुरीनं कापल्यासारखी राहते आणि आत ती मऊ असते. बोटानं तोडल्यावर चिकटली आणि कच्च्या बेसनाचा वास आला, तर वाफ कमी पडली. वडी रश्श्यात विरघळत असेल, तर ती सकाळपासून पातेल्यातच पडून आहे. चांगला आचारी वड्या वेगळ्या ठेवतो, वाढताना उकळता रस्सा वरून घालतो आणि मग हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर पेरतो.

भाकर ज्वारीची आणि गरमच मागा, पाच-दहा मिनिटं थांबावं लागलं तरी चालेल. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा जातो, भाकर कडेनं फाटते आणि पापुद्रा सुटत नाही. वडाभात मिळत असेल, तर एवढंच विचारा की हिंग-मिरचीचं तेल वाढताना कडकडीत घालता का. गार तेलातला वडाभात घशात अडकतो.

सावजी रसोई मूळची नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरची. भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, मिरे, लवंग, दगडफूल असं तिचं दणकट वाटण. सवय नसेल, तर तर्री बाजूला काढून द्यायला सांगा. तोंड पोळलं की पाण्यावर पाणी पिऊ नका. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, उलट पाण्याबरोबर तोंडभर पसरतो. दह्याची वाटी आधीच मागवून ठेवा.

चौघं असाल, तर आधी दोनच ताटं घ्या आणि आवडलं तर पुढची सांगा. बसण्यापूर्वी विचारून घ्या: ताटात भाकरी किती, रस्सा परत मिळतो का, जादा भाकरीचे किती? बहुतेक वाद बिलाच्या वेळी इथेच होतात. गल्ल्याजवळ अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक लावलेला असायला हवा, तोही बघा. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा घरच्या बायांनाही घेऊन चला. दर वेळी त्यांनीच का चुलीपाशी बसावं?

पार्सल न्यायचं तर घरून स्टीलचा डबा न्या. उकळता रस्सा प्लास्टिकच्या पातळ पन्नीत घेऊ नका आणि भाकर वर्तमानपत्रात गुंडाळू देऊ नका, शाई अन्नाला लागते. वड्या वेगळ्या घ्या. उन्हाळ्यात दोन तासांत घर गाठणं होत नसेल, तर पार्सल नेऊच नका. घरी आल्यावर रस्सा खळखळून उकळा आणि वड्या अगदी पानात वाढताना सोडा.