सलाइन उतरल्यानंतरचे चौदा दिवस
(रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि परिचारिका यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात किंवा फुप्फुसात पसरलेला असतो, तेव्हा शिरेतून द्यायची जी औषधे वापरली जातात, त्यांपैकी एकाच औषधाविषयी मी आज बोलणार आहे. ते म्हणजे इरिनोटेकान. आपल्यापैकी अनेकांच्या फाइलमध्ये ते ‘फॉलफिरी’ या नावाखाली लिहिलेले असेल. त्यात इरिनोटेकान, ल्युकोव्होरिन आणि फाइव्ह-एफ-यू ही तीन औषधे दर १४ दिवसांनी एकत्र दिली जातात. सूचनांचा छापील कागद प्रत्येकाला मिळतो आणि बहुतेक घरांत तो फाइलच्या तळाशी जाऊन बसतो. त्यामुळे त्या सूचना मी पुन्हा वाचून दाखवणार नाही. हे औषध शरीरात कुठून कुठे जाते, एवढे जरी नीट समजले, तरी प्रत्येक सूचनेमागचे कारण आपोआप लक्षात येते, आणि कारण कळलेली गोष्ट माणूस सहसा विसरत नाही.

या औषधाची मुळे वनस्पतीत आहेत. अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी एका चिनी वृक्षापासून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले आणि १९६६ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. यांतले वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, हे मुद्दाम सांगतो. पुढे तेच द्रव्य सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही विपुल असल्याचे आढळले आणि त्यापायी या झाडाची बेसुमार तोड झाली. इथे एक इशारा द्यायला हवा. ‘झाडपाल्याचे औषध, त्याने काय अपाय होणार’ असे म्हणून नरक्याच्या सालीची पूड घेणारे लोक भेटतात. शुद्ध केलेले कॅम्प्टोथेसिन १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रुग्णांना देऊन पाहिले गेले, तेव्हा रक्तपेशींची घट, तीव्र जुलाब आणि मूत्राशयातून रक्तस्राव असे परिणाम दिसले आणि त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्यानंतर जपानमध्ये त्या रेणूत बदल करून पाण्यात विरघळणारे इरिनोटेकान तयार झाले, आणि १९९६ साली अमेरिकेत ते मोठ्या आतड्याच्या प्रगत कर्करोगासाठी मान्य झाले.

आता त्याच्या प्रवासाकडे वळू. शिरेतून जाते ते इरिनोटेकान स्वतः फारसे प्रभावी नसते. शरीरातली, विशेषतः यकृतातली विकरे (एन्झाइम) त्याचे एस-एन-३८ या द्रव्यात रूपांतर करतात आणि ते प्रयोगशाळेत मूळ औषधाच्या शंभर ते हजार पट प्रभावी ठरते. पेशी विभागताना तिच्या डीएनएचा पीळ सोडवणारे एक विकर असते; एस-एन-३८ त्या विकराला जागच्या जागी अडकवते, डीएनए तुटतो आणि पेशी मरते. काम झालेल्या एस-एन-३८ला यकृतच यूजीटी-१ए-१ या विकराच्या मदतीने निष्प्रभ करते आणि पित्तावाटे आतड्यात सोडते. गोष्ट इथेच संपली असती तर बरे झाले असते. परंतु आतड्यातले काही जिवाणू त्या निष्प्रभ केलेल्या द्रव्याचे पुन्हा एस-एन-३८ करतात, आणि मग ते आतड्याच्या आतल्या नाजूक अस्तरावरच घाव घालते. औषध दिल्यानंतर कित्येक दिवसांनी जुलाब का सुरू होतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी या परतीच्या वाटेत आहे.

जुलाब मात्र दोन प्रकारचे असतात, आणि त्यांची गल्लत झाली तर उपचारही चुकतो. पहिला प्रकार सलाइन चालू असतानाच किंवा त्यानंतरच्या २४ तासांत येतो. रुग्णाच्या कपाळावर घाम येतो, डोळ्यांतून पाणी वाहू लागते, तोंडाला लाळ सुटते, पोटात मुरडा येतो आणि शौचाला घाईने जावे लागते. डे-केअरमध्ये आमच्या परिचारिका हे चित्र लांबूनही ओळखतात. ॲट्रोपिनचे इंजेक्शन दिले की बहुधा थोड्याच वेळात आराम पडतो आणि पुढच्या वेळी ते आधीच देता येते. फक्त ‘गरम होत असेल’ असे म्हणून रुग्णाने गप्प बसू नये. सुईच्या जागी आग होत असेल किंवा सूज आली असेल, तर तेही त्याच क्षणी सांगावे.

दुसरा प्रकार घरी गाठतो. २४ तास उलटून गेल्यावर, पुष्कळदा चार-पाच दिवसांनी किंवा त्याहूनही उशिरा, पातळ शौचास सुरुवात होते. आपल्याकडे अशा वेळी आधी डाळिंबाच्या सालीचा काढा होतो, मग दहीभात, मग ‘उद्यापर्यंत वाट पाहू’. इरिनोटेकानच्या बाबतीत ही एक रात्रही महाग पडू शकते. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या लोपेरामाइडच्या गोळ्या पहिल्या दिवसापासून घरात असाव्यात. प्रचलित पद्धत अशी की पहिल्या पातळ शौचाबरोबर २ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या घ्यायच्या, त्यानंतर दर दोन तासांनी एक, रात्री हवे तर दर चार तासांनी दोन, आणि सलग १२ तास पातळ शौच झाले नाही की थांबायचे. वेष्टनावर यापेक्षा कमी मर्यादा छापलेली असते आणि ती वाचून नातेवाईक घाबरून गोळ्या बंद करतात. हा मोठा डोस खास या औषधामुळे उशिरा होणाऱ्या जुलाबांसाठी आहे. तो आपल्या डॉक्टरांनी लिहून दिला असेल तरच घ्यावा, ४८ तासांपलीकडे नेऊ नये आणि जुलाब होऊ नयेत म्हणून आधीपासून तर मुळीच घेऊ नये. सोबत ओआरएस, पेज, वरणाचे पाणी चालू ठेवावे. दूध काही दिवस टाळावे. चोवीस तासांत जुलाब आटोक्यात आले नाहीत, शौचातून रक्त गेले, उलट्यांमुळे पाणीही टिकेना, उठताना चक्कर आली किंवा लघवी कमी झाली, तर घरगुती प्रयत्न थांबवून रुग्णालय गाठावे.

ताप आला तर गोळ्यांचा हिशेब न करता लगेच निघावे, कारण याच दिवसांत पांढऱ्या पेशीही घटत असतात. जखमी अस्तर आणि कमी झालेल्या पांढऱ्या पेशी एकत्र आल्या की आतड्यातले जंतू रक्तात शिरतात. घरात थर्मामीटर असावा, आणि १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त तापमान दिसले तर, रात्रीचे दोन वाजले असले तरी, फोन करावा. थर्मामीटर लावण्याआधी पॅरासिटामॉल घेऊ नये. ताप झाकला जातो, जंतुसंसर्ग तसाच राहतो.

प्रत्येक वेळी आधी रक्ततपासणी होते. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १,५००च्या किंवा प्लेटलेट १ लाखाच्या खाली असतील किंवा जुलाब पूर्ण थांबले नसतील, तर औषध पुढे ढकलले जाते. बिलिरुबिनकडे, म्हणजे पित्तातल्या पिवळ्या द्रव्याकडे, आम्ही बारकाईने पाहतो, कारण पित्ताची वाट तुंबली तर औषध अंगात साचते. काही जणांत यूजीटी-१ए-१ हे विकर जन्मतःच मंद असते. उपास घडला की डोळे किंचित पिवळे दिसतात, घरात कुणाला ‘गिल्बर्ट’ (याच मंद विकरामुळे अधूनमधून होणारी सौम्य कावीळ) सांगितले आहे, असे काही असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगावे. त्याची जनुकीय तपासणी करता येते आणि सुरुवातीचा डोस कमी ठेवता येतो. फिटच्या फेनिटोइन किंवा कार्बामाझेपिनसारख्या गोळ्या आणि क्षयरोगाचे रिफाम्पिसिन इरिनोटेकानचा प्रभाव घटवतात; बुरशीवरचे किटोकोनाझोल तो वाढवते. काढे, चूर्णे हीसुद्धा औषधेच, तीही यादीत लिहावीत.

फाइव्ह-एफ-यू हळूहळू शिरेत सोडणारा जो पंप घरी नेता, त्याबद्दल थोडेच सांगतो. तो ४६ तास चालतो, उन्हापासून व शेगडीपासून दूर ठेवावा, आणि गळला तर हातमोजे घालून जागा पुसून कळवावे.

शेवटी एक गोष्ट जरा स्पष्टच बोलतो. पुढची केमो लांबेल या भीतीने रुग्ण जुलाबांचा आकडा कमी करून सांगतात, आणि नातेवाईक मान डोलावतात. आठवेळा झाले असतील तर ‘दोन-तीनदा’ असे सांगितले जाते. त्यावरून आम्ही पूर्वीचाच डोस लिहितो आणि पुढची फेरी मागच्यापेक्षा अवघड जाते. डोस कमी करणे म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली, असा अर्थ कुणी काढू नये. प्रगत आजारात हे औषध महिनोन्‌महिने चालवायचे असते आणि प्रत्येकाच्या यकृताला व आतड्याला झेपेल असा डोस पहिल्या एक-दोन फेऱ्यांच्या अनुभवावरूनच ठरतो. तेव्हा वहीत तारीख, किती वेळा शौचास झाले, रात्री उठावे लागले का, किती गोळ्या घेतल्या आणि तापमान किती होते, एवढे लिहून आणावे. आम्हाला डोस ठरवायला तेवढे पुरते.