लायब्ररी: झाडाच्या सालीपासून लाकडी पेटीपर्यंत

[दृश्य: बडोदं. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी, आतल्या लोखंडी मांडण्या]

बडोद्यातल्या मराठी घरांत या जागेला 'ग्रंथालय' क्वचितच म्हणतात. म्हणतात 'लायब्ररी', कुणी गुजराती वळणानं 'लायब्रेरी'. दोन्ही चालतं. ब्रिटिश माणूस 'लाय'वर जोर देतो आणि पुढचं इतकं भरभर उरकतो, की 'लायब्री'च ऐकू येतं. अमेरिकन मात्र 'ब्रे' मोकळेपणानं उच्चारतो.

शब्दाचं मूळ लॅटिन. 'लिबेर' म्हणजे झाडाची आतली साल. पूर्वी सालीवर लिहीत, अशी रोमन लोकांची समजूत होती, म्हणून पुस्तकालाही तेच नाव पडलं. आपल्याला भूर्जपत्र ठाऊक आहे, त्यामुळे हे चटकन पटतं. इथे ऱ्हस्व-दीर्घ मात्र सांभाळायचं! दीर्घ 'लीबेर' म्हणजे मोकळा, स्वतंत्र; 'लिबर्टी' त्यातून आली. पुस्तकाच्या 'लिबेर'शी तिचं नातं नाही.

14व्या शतकात हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. गंमत म्हणजे आज पॅरिसमध्ये 'लिब्रेरी' विचारलीत, तर पुस्तकांचं दुकान दाखवतील.

[दृश्य: मांडण्यांमधली जाड काचेची जमीन, वरून झिरपणारा उजेड]

इंग्रजीत 'लायब्ररी' म्हणजे इमारत, तसाच नुसता संग्रहही. संगणकवाले तयार कोडच्या संचाला लायब्ररी म्हणतात, ते याच अर्थानं. हा दुसरा अर्थ बडोद्यानं फार लवकर आणि फार मनापासून ओळखला, असं मला वाटतं.

तिसऱ्या सयाजीरावांनी 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मुलं वाचायला शिकली, पण शाळा सुटल्यावर खेड्यात वाचायचं काय? अमेरिकेतली सार्वजनिक वाचनालयं महाराजांनी स्वतः पाहिली होती. 1910 साली त्यांनी तिथले ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन यांना बोलावून घेतलं. राजवाड्यातला खाजगी संग्रह लोकांसाठी खुला झाला. पुस्तकं लावायची नवी पद्धत बसवली, इथल्याच माणसांना ग्रंथपालाचं काम शिकवलं.

[दृश्य: लाकडी पेटी, झाकण उघडतं, आत उभी लावलेली पुस्तकं]

आणि मग फिरती वाचनालयं. पुस्तकं पेटीत भरायची, पेटी गावाला पाठवायची. गावकऱ्यांची वाचून झाली की ती परत यायची आणि दुसरी रवाना व्हायची. ना इमारत, ना वाचनकक्ष, तरी ती पुरेपूर लायब्ररी. ज्या गावात पुस्तकाचं दुकान नाही, तिथल्या माणसालाही वाचायचा हक्क आहे, हे एका राजानं कारभारात उतरवलं. याचं मोल मला या देखण्या काचेच्या जमिनीपेक्षा मोठं वाटतं.

बॉर्डन 1913 साली मायदेशी परतले. पेट्यांचं काम पुढेही चालू राहिलं. त्याच सुमारास, 1912 पासून, बडोद्याहून 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक निघू लागलं होतं. नाव इंग्रजी, मजकूर मात्र तीन भाषांत: इंग्रजी, गुजराती आणि आपली मराठी.